वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया ह्यांचा चित्रसंग्रह

कलावंताच्या पश्चात त्याची कृती लोकांपुढे कोणत्या रूपाने उरते, ह्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कलेत निराळे मिळते. कवीचा ग्रंथ शेकडो प्रतींनी घरोघर पोहोचलेला असतो. त्यांपैकी एखादी प्रत वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडली म्हणून काव्यास उणेपणा येत नाही. गवयाचे गाणे पूर्वी त्याच्याबरोबरच जात असे. ध्वनिमुद्रिका निघाल्यापासून त्याचाही काही अंश मागे राहू लागला. चित्रकाराचे चित्र एका भिंतीवरून काढून दुसरीवर लावता येते. वास्तुशिल्प्याची स्थिती मात्र ह्या सर्वांहून वेगळी आहे. त्याची कृती एकच असते, ती जागची हलत नाही, आणि पूर्ण झाली की तिच्यावर त्याचा स्वतःचा काडीचाही अधिकार राहत नाही. मालकाच्या मनात आले तर तो सज्जा बंद करील, अंगणावर पत्रे घालील, किंवा सगळी वास्तूच जमीनदोस्त करून तेथे दुसरी उभारील. ह्यामुळे वास्तुशिल्प्याची कीर्ती फार करून छायाचित्रांवर अवलंबून राहते. एखाद्या नामांकित इमारतीविषयी जे शंभर जण आदराने बोलतात, त्यांतील पाच-दहांनीही तिचा उंबरठा ओलांडलेला नसतो. बाकीच्यांनी ती चित्रांतच पाहिलेली असते.

असे असता ह्या चित्रसंचिताकडे आपल्याकडील टीकाकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. ग्रंथाची समीक्षा होते, नाटकाची होते, गाण्याच्या बैठकीचीही होते. मग वास्तुशिल्प्याच्या चित्रसंग्रहाची का होऊ नये? तोही एक प्रकारचा चरित्रग्रंथच होय. त्यात निवड आहे, क्रम आहे, काही गोष्टींवर भर आहे आणि काहींविषयी मौन आहे. चार्ल्स कोरिया ह्यांच्या कामाची जी छायाचित्रे आजवर ग्रंथांतून, प्रदर्शनांतून व संग्रहांतून लोकांपुढे आली, त्यांचा ह्या दृष्टीने विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

कोरिया ह्यांचे घराणे मूळचे गोव्याचे. त्यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबादेस झाला. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातून ते अमेरिकेत गेले, मिशिगन व मॅसॅच्युसेट्स येथे त्यांनी वास्तुविद्येचे शिक्षण घेतले, आणि १९५८ साली मुंबईत स्वतःचा व्यवसाय थाटला. लहानपणी खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ निरनिराळ्या तऱ्हांनी मांडता मांडता आपणांस नकाशांची गोडी लागली, असे ते सांगत. १९६४ साली प्रवीणा मेहता व शिरीष पटेल ह्यांच्यासह त्यांनी खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्याची कल्पना मांडली, आणि १९७० ते १९७५ ह्या काळात त्या नगराचे मुख्य वास्तुशिल्पी म्हणून काम केले. १६ जून २०१५ रोजी मुंबईत ते निवर्तले. तत्पूर्वीच त्यांनी आपले सहा हजारांहून अधिक आराखडे व इतर दप्तर लंडनच्या ब्रिटिश वास्तुशिल्पी संस्थेच्या स्वाधीन केले होते, आणि २०१३ साली त्या संस्थेने त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरविले होते. इकडे पणजीच्या फोंतेन्हास भागात २०११ साली स्थापन झालेले त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान त्यांच्या विचारांची व कामाची जोपासना करीत आहे.

ह्या संचिताचा पहिला आणि निर्विवाद गुण म्हणजे साक्ष. अहमदाबादेस १९६१-६२ च्या सुमारास कोरिया ह्यांनी 'ट्यूब हाउस' ह्या नावाने ओळखले जाणारे एक घर बांधले. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी गुजरातच्या गृहनिर्माण मंडळाने योजना मागविल्या होत्या. त्यांत इतरांप्रमाणे माळ्यावर माळे न चढविता त्यांनी अरुंद व लांबट घरांची ओळ सुचविली. घराचे छप्पर असे उतरते ठेवले, की आतली तापलेली हवा वर चढून माथ्यावरच्या झरोक्यातून बाहेर पडावी आणि खालून थंड हवा आपोआप आत यावी. पंखा नाही, यंत्र नाही. उष्णतेच्याच स्वभावाचा उपयोग करून उष्णतेचे निवारण. हे घर १९९५ साली पाडले गेले. आज ते जगातील वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे ते केवळ आराखड्यांवरून व मोजक्या छायाचित्रांवरून. ती नसती तर ह्या कल्पनेची आठवण दहा-वीस माणसांच्या बोलण्यापुरती उरली असती.

दिल्लीची गोष्ट ह्याहूनही बोलकी आहे. राज रेवाल ह्यांनी योजिलेले व महेंद्र राज ह्यांच्या अभियांत्रिकीने उभे राहिलेले प्रगती मैदानावरील 'हॉल ऑफ नेशन्स' हे दालन १९७२ सालचे. ते एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत पाडून टाकण्यात आले. दिल्लीच्या मदन महाट्टा ह्या छायाचित्रकाराने नव्या भारताच्या त्या पिढीतील अनेक वास्तू उमेदीच्या काळात टिपून ठेविल्या होत्या, आणि २०१२ साली त्या चित्रांचे प्रदर्शनही झाले होते. पाच वर्षांपूर्वी जी चित्रे रसिकांनी सौंदर्यासाठी पाहिली, तीच पाच वर्षांनी पुरावा होऊन बसली. छायाचित्राची किंमत वास्तू उभी असेतोपर्यंत एक असते आणि ती पडल्यावर दुसरी होते. संग्रह करणाराने ही दुसरी किंमत आधीपासूनच मनात धरावयास हवी.

तथापि साक्ष देणारा प्रत्येक साक्षीदार सगळेच सांगतो असे नाही. साबरमतीच्या आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय हे कोरिया ह्यांचे पहिले मोठे काम. सहा मीटर चौरसाची एकेक खोली. विटांचे खांब, कौलारू छप्पर, काचेऐवजी लाकडी पट्ट्यांच्या खिडक्या, आणि मध्ये उघड्यावर पाण्याचे कुंड. चित्रात हे सर्व येते. येत नाही तो वारा. पट्ट्यांतून येणारी झुळूक, उन्हातून पडवीत पाऊल टाकताच अंगाला जाणवणारा पालट, विटेचा व भिजल्या मातीचा वास, ह्यांपैकी एकही गोष्ट कागदावर उमटत नाही. आणि कोरिया ह्यांचे सारे वास्तुशास्त्र तर ह्याच गोष्टींवर उभारलेले! आपल्या हवेत माणसाला चार भिंतींची पेटी नको असते; सकाळी अंगण, दुपारी माजघर, सायंकाळी ओटी, उन्हाळ्याच्या रात्री गच्ची असा त्याचा दिवस घरभर फिरत असतो, हे त्यांनी ओळखले आणि उघड्या आकाशाखालच्या जागेस त्यांनी खोलीइतकाच मान दिला. जो वास्तुशिल्पी हवेशी बोलत होता, त्याचे काम केवळ डोळ्यांनी पाहणाऱ्या यंत्राकडून समजून घ्यावयाचे, ही मोठीच अडचण आहे.

मुंबईच्या कंबाला टेकडीवरील कांचनजंगा ही इमारत ह्याचे चांगले उदाहरण होय. १९७० ते १९८३ ह्या काळात ती झाली. मजले अठ्ठावीस, बिऱ्हाडे बत्तीस, उंची ८४ मीटर. ह्या इमारतीचे सर्वांस परिचित असलेले चित्र म्हणजे पांढऱ्या मनोऱ्याच्या कोपऱ्यांत कोरल्यासारख्या दिसणाऱ्या दुमजली उंचीच्या गच्च्या. चित्र देखणे आहे ह्यात शंका नाही. परंतु ते पाहून अजाण मनुष्य समजेल की, ह्या गच्च्या शोभेसाठी कोरल्या आहेत. वास्तविक मुंबईत पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतो आणि तिकडूनच तिरपे ऊन व पावसाचा मारा येतो. जुन्या बंगल्यांनी ह्यावर चारी बाजूंनी व्हरांडा काढून तोड काढली होती. तोच व्हरांडा अठ्ठावीस मजल्यांच्या मनोऱ्यात कसा न्यावा, ह्या कोड्याचे उत्तर म्हणजे त्या गच्च्या. हे उत्तर बाहेरून घेतलेल्या चित्रात कळत नाही. इमारतीचा उभा छेद दाखविणाऱ्या आराखड्यात ते एका दृष्टिक्षेपात कळते. म्हणून आमचे असे स्पष्ट मत आहे की, वास्तुशिल्प्याच्या संग्रहात छायाचित्राशेजारी आराखडा असलाच पाहिजे; एकटे छायाचित्र म्हणजे अर्थावाचून पाठ केलेला श्लोक.

दुसरी उणीव गतीची. इमारत ही एका जागी उभे राहून पाहण्याची वस्तूच नव्हे. ती चालत चालत उलगडते. पुण्याच्या गणेशखिंडीतील आयुका ही संस्था ज्यांनी पाहिली असेल त्यांस हे निराळे सांगावयास नको. १९८८ साली स्थापन झालेल्या व डॉ. जयंत नारळीकरांनी घडविलेल्या ह्या खगोलविज्ञान केंद्राची वास्तू कोरिया ह्यांची. काळ्या दगडाच्या भिंतींमधून आत शिरावे, वाट किंचित वळावी, आणि एकाएकी मधले कुंडासारखे अंगण समोर यावे. तेथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइनस्टाइन ह्यांचे पुतळे आहेत, आणि पृथ्वीचे फिरणे दाखविणारा फूकोचा लंबकही ह्याच संस्थेत आहे. छायाचित्रात कुंड दिसते. परंतु त्याच्या आधीचा तो अंधारा, अरुंद भाग सोसल्याखेरीज कुंडाच्या मोकळेपणाची गोडी कळत नाही. अरुण खोपकर ह्यांनी कोरिया ह्यांच्या कामावर 'व्हॉल्यूम झीरो' हा अनुबोधपट केला, त्याचे महत्त्व ह्याचसाठी आहे. चित्रपटाचा कॅमेरा चालू शकतो, वळू शकतो, थांबू शकतो. स्वतः कोरिया ह्यांनीही १९७५ साली मुंबईविषयी एक लघुपट दिग्दर्शित केला होता. नगराचे दुखणे स्थिर चित्राने सांगता येत नाही हे त्यांस कळले होते असेच म्हटले पाहिजे.

परंतु ह्या दोन्ही उणिवा साधनाच्या आहेत. त्यांचा दोष कोणास द्यावा? तिसरी उणीव मात्र निवडीची आहे, आणि आमच्या टीकेचा खरा रोख तिच्यावर आहे. वास्तुकलेच्या ग्रंथांत छापली जाणारी छायाचित्रे बहुधा इमारत पुरी झाल्याबरोबर, माणसे राहावयास येण्यापूर्वी किंवा नुकतीच आल्यावर घेतलेली असतात. रंग ताजा, भिंत निष्कलंक, दोरीवर कपडा नाही, दारात चप्पल नाही. जणू लग्नाच्या दिवशी काढलेल्या एका चित्रावरून साऱ्या संसाराची परीक्षा करावयाची! इतर वास्तुशिल्प्यांच्या बाबतीत ही चाल कदाचित खपून जाईल. कोरिया ह्यांच्या बाबतीत ती त्यांच्या सिद्धांताच्याच विरुद्ध जाते.

नवी मुंबईतील बेलापूरची वसाहत पाहावी. १९८३ ते १९८६ ह्या काळात सुमारे साडेपाचशे कुटुंबांसाठी तिची योजना झाली. सात घरांच्या मध्ये एक लहान चौक, असे तीन पुंजके मिळून एकवीस घरांमध्ये दुसरा मोठा चौक, अशी ती रचना. प्रत्येक घर सुटे. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. हे कशासाठी? तर कुटुंब वाढेल, हाती चार पैसे येतील, तेव्हा शेजाऱ्यास न दुखविता आपले घर आपण वाढवावे म्हणून. घर हे बीज आहे आणि राहणाऱ्याने त्याचा वृक्ष करावयाचा आहे, ही त्यामागची दृष्टी. आता ग्रंथांतील चित्रांत काय दिसते? पांढऱ्या भिंती, उतरती कौले, चौकात खेळणारी मुले. आज तेथे जावे तर त्यांतील पुष्कळ घरे पार बदललेली, कित्येक मूळ घर पाडून दुमजली-तिमजली झालेली आढळतात. जुने चित्र हातात धरून जाणारा विद्यार्थी 'वसाहत बिघडली' म्हणून हळहळतो. आम्ही म्हणतो, ती बिघडली की फळली, हाच तर विचार करावयाचा प्रश्न आहे. घरे वाढली हे वास्तुशिल्प्याच्या इच्छेप्रमाणेच झाले; पण चौक टिकला का, सावली टिकली का, शेजार टिकला का? ह्याचे उत्तर देण्यास १९८६ चे चित्र असमर्थ आहे. त्यासाठी १९९५ चे, २००५ चे, २०२५ चे चित्र हवे. आणि ती चित्रे कोणत्याही नामांकित छायाचित्रकाराच्या पेटीत नसून तेथल्या कुटुंबांच्या कपाटांत आहेत. मुलाच्या बारशाचे चित्र, नव्या स्कूटरला हार घातल्याचे चित्र, चौकातील गणेशोत्सवाचे चित्र! मागे ओझरते दिसणारे घर हाच तेथे इतिहास आहे. आयुकाच्या आवारातही दरवर्षी २८ फेब्रुवारीस, विज्ञानदिनी, शाळकरी मुलांची रीघ लागते. त्या गर्दीतली वास्तू ग्रंथांत सहसा दिसत नाही.

आता हा संग्रह असावा कोठे, ह्या वादाकडे वळू. कोरिया ह्यांचे दप्तर लंडनला गेले ह्याचे वैषम्य अनेकांस वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्याने बेलापूरचा मूळ आराखडा पाहण्यासाठी साता समुद्रांपलीकडे जावे, ही परिस्थिती भूषणावह नव्हे. परंतु रागाच्या भरात न्याय होत नाही. कागद, शाई व छायाचित्राची पट्टी ह्यांस दमट हवा, कसर व अनास्था हे तीन शत्रू. आणि त्यांतील तिसरा सर्वांत प्रबळ. दप्तर कोठे ठेवावे ह्याचा निर्णय खुद्द कर्त्याने हयातीत घेतला होता, हेही विसरून चालणार नाही. शिवाय त्याच लंडनच्या संस्थेत सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुशिल्पी पल्लादिओ ह्याच्या आराखड्यांचा जगातील सर्वांत मोठा साठा आहे. त्याचे गाव विचेंझा; कागद गेले लंडनला. तरीही विचेंझाची हानी झाली असे कोणी म्हणत नाही, कारण त्याच्या मूळ इमारती त्या गावाने आजतागायत जपल्या आहेत.

खरी बोचणी येथेच आहे. पणजीस मांडवीच्या काठी असलेली कला अकादमी ही १९७३ ते १९८३ ह्या काळातील कोरिया ह्यांची वास्तू. नाट्यगृह, खुला रंगमंच आणि रस्त्यापासून नदीपर्यंत कोणीही सहज चालत जावे असा सावलीचा मार्ग. आत मारियो मिरांडा ह्यांनी रंगविलेले प्रेक्षक. गोव्याच्या तीन पिढ्यांनी तेथे नाटके पाहिली, तियात्रे ऐकली. २०१९ साली ती पाडण्याची भाषा निघाली तेव्हा प्रतिष्ठानाने व नागरिकांनी विरोध केला. पुढे दुरुस्ती निघाली, आणि ती चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. आराखडे लंडनच्या कोरड्या, थंड दालनात सुखरूप. आणि ज्याचे ते आराखडे, ती वास्तू आपल्या दारात विव्हळते आहे! विचेंझाने कागद गमावले आणि इमारती राखल्या. आपण मात्र कागद धाडून दिले आणि इमारतीकडे पाठ फिरविली. अशा वेळी जुने छायाचित्र हे स्मरणचिन्ह नसून दुरुस्ती करणाऱ्याच्या हातातले मापकाम होते. खांब कोठे होता, छताची कड किती जाड होती, रंग कोणता होता, हे त्यावरून पडताळून पाहता येते. संग्रहाचा हा उपयोग आपल्याकडे अद्याप कोणाच्या फारसा ध्यानी आलेला दिसत नाही.

संग्रह घरच्यांनी राखावा असाही एक मार्ग आहे. दिल्लीतील हबीब रहमान ह्यांच्या कामाची चित्रे त्यांचे पुत्र, छायाचित्रकार राम रहमान ह्यांनी निष्ठेने जपली व लोकांपुढे मांडली. आपल्या कोकणातील आचरे गावी १९१६ साली जन्मलेले अच्युत कानविंदे, ज्यांनी कानपूरच्या तंत्रशिक्षण संस्थेसारखी भव्य वास्तू उभी केली, त्यांच्या जीवनाचा व कामाचा 'आकार' नावाचा ग्रंथ त्यांच्या कुटुंबीयांनी २०१७ साली सिद्ध केला. घरच्यांच्या संग्रहात जिव्हाळा असतो, बारीकसारीक माहिती असते. पण तेथे वडीलधाऱ्यांविषयीचा आदर टीकेस वाव देत नाही, आणि पुढच्या पिढीस आवड नसली तर सारेच संपते. संस्थेकडे शिस्त असते, जिव्हाळा नसतो. उत्तम व्यवस्था ती, जीत मूळ दप्तर सुरक्षित ठिकाणी, त्याच्या प्रती वास्तू असलेल्या प्रत्येक गावी, आणि राहणाऱ्यांची चित्रे त्या प्रतींशेजारी लावलेली असतील.

हा सर्व विचार पिंपळे सौदागरसारख्या ठिकाणी बसून करताना आम्हांस एक विपरीत गोष्ट प्रकर्षाने जाणवते. पवनेकाठचे हे गाव गेल्या पंचवीस वर्षांत उंच इमारतींचे उपनगर झाले. येथे चित्र इमारतीच्या आधी जन्मास येते. रस्त्यावरच्या फलकावर व गुळगुळीत पुस्तिकेत हिरवळ, कारंजे, निळे आकाश आणि हसरे कुटुंब असलेले चित्र झळकते. घरे विकली जातात. आणि इमारत उभी राहिल्यावर तिचे चित्र जपून ठेवावे असे कोणास वाटत नाही. ती कोणी योजिली ह्याचे नावही बहुतेक रहिवाशांस सांगता यावयाचे नाही. शेते गेली, गावठाणातील जुने वाडे एकेक करून जात आहेत, आणि त्यांची चित्रे असलीच तर एखाद्या लग्नाच्या अल्बममध्ये वऱ्हाडाच्या मागे. कोरिया ह्यांच्या संग्रहात जो काळ गळाला आहे, तोच येथेही गळत आहे; फरक इतकाच की, तेथे निदान आरंभीचे चित्र तरी खरे आहे.

वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी अशा चित्रांचा साठा आहे, मग तो जुन्या अल्बमात असो वा भ्रमणध्वनीत. ज्या वास्तूत आपण राहतो तिचे वर्षातून एकदा, एकाच जागेवरून छायाचित्र घ्यावे. त्यामागे तारीख, इमारतीचे नाव आणि ठाऊक असल्यास वास्तुशिल्प्याचे व मुख्य गवंड्याचे नाव लिहावे. आणि गृहसंस्थेच्या दप्तरात भाग-भांडवलाच्या कागदांबरोबर तेही ठेवावे. ह्यास खर्च नाही, विद्वत्ता लागत नाही. बेलापूरच्या रहिवाशांनी पहिल्या वर्षापासून एवढे केले असते, तर कोरिया ह्यांची कल्पना यशस्वी झाली की नाही ह्यावर आज टीकाकारांना तर्क लढवावे लागले नसते. चाळीस चित्रे ओळीने मांडून कोणासही पाहता आले असते.